गोठे रिकामे, विहिरीत नायट्रेट

मांजरी बुद्रुक २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आली. त्याच्या कितीतरी आधीपासून घरातली तरुण मंडळी हडपसर, मगरपट्ट्यातल्या नोकऱ्यांकडे वळली होती. शेती सुटली नाही, ती करायची रीत पालटली. जनावरे विकली की शेणखत संपते आणि त्याच्या जागी युरिया येतो. खुरपणीला बायका मिळेनाशा झाल्या की तणनाशकाचा पंप पाठीवर चढतो. जमीन खंडाने घेतलेल्याला पुढच्या वर्षाचीच खात्री नसते. त्याने मातीच्या कसाचा विचार कशाच्या बळावर करावा? सगळा दोष त्याच्या माथी मारणे अन्यायाचे आहे.

युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत सुमारे २१ किलो नत्र असते. पालक, मेथी, कोथिंबिरीची मुळे फार खोल जात नाहीत. मोकाट पाटपाणी दिले की पिकाने न घेतलेले नत्र नायट्रेट होऊन खाली झिरपते आणि विहिरीत उतरते. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. पाणी उकळून नायट्रेट जात नाही, आणि सर्वाधिक धोका वरच्या दुधावरच्या तान्ह्या बाळांना.

मांजरीत पेच दुहेरी आहे. मुळा-मुठेत शहराचे सांडपाणी मिसळते. मुंढव्याच्या जॅकवेलमधून उचललेले पाणी जुन्या बेबी कालव्याने लोणी काळभोर, दौंडच्या दिशेने शेतीला जाते. अशा पाण्यात नत्र आणि स्फुरद मुळातच असतात; वर खताची नेहमीची मात्रा पडली की जास्तीचे सगळे भूजलात. पाणी नीट शुद्ध करून सोडणे हे महापालिकेचे काम, आणि ते चोख व्हायलाच हवे. तोवर माती-पाणी तपासून युरिया टाकला, तर निदान खताचा खर्च वाचेल.