खोपोलीचें पाणी आणि अभियांत्रिकीचा विद्यार्थी

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याचीं चार वर्षें बहुतांशीं कागदावर जातात. सूत्रें पाठ होतात, आकृत्या काढून होतात, संभाव्य प्रश्नांचीं पुस्तकें चाळून परीक्षाही सुटते. परंतु ज्या यंत्रावर गुण मिळाले, तें यंत्र चालतांना त्यानें पाहिलेलें असतेंच असें नाहीं. अशा विद्यार्थ्यानें एखाद्या सुटीच्या दिवशीं वही बरोबर घ्यावी आणि कर्जतवरून बोरघाटाच्या पायथ्याशीं, खोपोलीस जावें. वीजगृहाच्या आंत प्रवेश न मिळाला तरी डोंगरावरून उतरणाऱ्या प्रचंड नळांकडे पाहून पुष्कळ शिकतां येईल.

खोपोली हें जुनें ठिकाण. नाना फडणविसांनीं बांधलेला तलाव व महादेवाचें देऊळ येथें आहे. आगगाडीही येथवर १८५६ सालींच आली. पण पुढें घाट आडवा! १८६३ मध्यें घाटांतील लोहमार्ग खुला होईपर्यंत उतारूंना पालखींतून नाहीं तर तट्टावरून खंडाळा गांठावा लागे. जी उंची प्रवाशांना संकट वाटे, तिच्यांतच जमशेटजी टाटांना शक्तीचा सांठा दिसला. ते १९०४ मध्यें वारले. कंपनी निघाली १९१० मध्यें, आणि १९१५ मध्यें खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांत पोंचली. तोंवर त्या गिरण्या मुख्यतः कोळशाच्या धुरावर जगत होत्या.

योजना समजावयास सोपी आहे. लोणावळ्याच्या परिसरांत वर्षाला सुमारें साडेचार हजार मिलिमीटर पाऊस पडतो, पण जवळजवळ सगळा चार महिन्यांत. म्हणून लोणावळा, वळवण आणि शिरवटा हे तीन तलाव बांधून तो सांठविला. तेथून पाणी कालव्यानें घाटाच्या कडेपर्यंत येतें आणि पोलादी नळांतून सुमारें ५२५ मीटर, म्हणजे जुन्या मापानें सव्वासतराशें फूट, खालीं उतरतें. तळाशीं दर चौरस सेंटिमीटरवर सुमारें ५२ किलोग्रॅम भार पडतो. तोटींतून सुटणाऱ्या धारेचा वेग, घर्षण सोडल्यास, सेकंदाला १०० मीटर भरतो. घाटांतून उतरणारी कोणतीही आगगाडी याच्या पासंगाला पुरणार नाहीं.

ही धार पेल्टन चक्रावर आदळते. चक्राच्या कडेला जोडवाट्या बसविलेल्या असतात. दोन वाट्यांमधील धारदार कण्यावर पाणी दुभंगतें आणि वळून मागें फिरतें. येथें विद्यार्थ्यानें थोडें थांबावें. वाटी धारेच्या निम्म्या वेगानें पळत असावी, असें पुस्तक सांगतें, पण कां? धार १०० च्या वेगानें आली आणि वाटी ५० नें पुढें पळत असली, तर वाटीच्या दृष्टीनें पाणी ५० नें येतें व ५० नेंच मागें फेंकलें जातें. वाटी स्वतः ५० नें पुढें जात असल्यामुळें जमिनीवरून पाहणाऱ्याला तें पाणी जवळजवळ निश्चल दिसतें. म्हणजे अंगांतली सारी शक्ति चक्राला देऊन तें खालीं गळून पडतें. हें एकदां मनांत उमटलें कीं सूत्र घोकावें लागत नाहीं.

पुढें ती वीज एक लक्ष व्होल्टच्या दाबानें परळपर्यंत नेली. दाब दसपट केला कीं तितक्याच शक्तीसाठीं प्रवाह दशांशानें पुरतो, आणि तारांत वायां जाणारी उष्णता शतांशावर येते. आज खोपोलीच्या केंद्राची क्षमता ७२ मेगावॅट आहे.

वहींतलें गणित येथें संपतें. पण एक प्रश्न वहीबाहेर राहतो. हें पाणी कोणाचें? तलाव भीमेच्या खोऱ्यांत आहेत. अडविलें नसतें तर हें पाणी पूर्वेकडे, पुणें-सोलापूरच्या बाजूला, वाहत गेलें असतें. आतां तें चक्र फिरवून पाताळगंगेंत उतरतें व पश्चिम समुद्राला मिळतें.

हा प्रश्न मुळशीस उग्र रूपानें पुढें आला. तेथील धरण टाटांच्याच दुसऱ्या योजनेचें. १९२१ मध्यें, जमिनी बुडणार म्हणून मावळ्यांनीं सत्याग्रह मांडला, आणि त्यांचे पुढारी सेनापति बापट हे स्वतः १९०४ मध्यें एडिंबरोस अभियांत्रिकी शिकावयास गेलेले गृहस्थ! यंत्राची भीति त्यांना असण्याचें कारण नव्हतें. त्यांनीं हिशेबाच्या दुसऱ्या बाजूची मांडणी केली इतकेंच. त्यांना कारावास घडला, धरण पुरें झालें, आणि १९२७ मध्यें भिऱ्याचें वीजगृह सुरू झालें.

भीमेच्या दुष्काळी तालुक्यांतून, हें पाणी पूर्वेकडे परत सोडा, अशी मागणी आजही होते. उलट, वीजगृहांतून सुटणाऱ्या पाण्यामुळेंच पाताळगंगा भर उन्हाळ्यांतही वाहती राहते, आणि खालापूर तालुक्यांतील गांवें व कारखाने त्यावर अवलंबून आहेत. विद्यार्थ्यानें हा हिशेब स्वतः करून पाहावा. एक घनमीटर पाणी खोपोलीस उतरलें कीं यंत्रांतील घट वजा जातां सव्वा युनिट वीज होते. तेंच पाणी परत घाटावर चढवावयाचें म्हटलें तर त्याहून अधिक वीज खर्चावी लागेल. तेव्हां तें कोणीकडे सोडावयाचें याचा निर्णय वळवणच्या भिंतीपाशींच करावा लागतो.