शेळी गाभडते, ताप माणसाला येतो : ब्रुसेलोसिस समजून घेऊया

जालना जिल्ह्यातील अनेक भूमिहीन कुटुंबांचा आधार म्हणजे दारातल्या दोन-चार शेळ्या. शेळी गाभडली की आपण नुकसान मोजतो. पण त्यानंतर घरातल्या बाईला येणारा ताप त्याच शेळीमुळे असू शकतो, हे आपल्या वस्त्यांत फारसे बोलले जात नाही. या आजाराचे नाव ब्रुसेलोसिस, म्हणजेच सांसर्गिक गर्भपात.

डेव्हिड ब्रूस यांनी 1887 मध्ये माल्टा बेटावर तापाने दगावलेल्या सैनिकांत हा जीवाणू शोधला. तो शेळीच्या कच्च्या दुधातून पसरतो, हे 1905 मध्ये तिथेच उघड झाले.

कसा होतो?
गाभडलेले पिल्लू, वार आणि स्राव यांत जीवाणू भरपूर असतात. ते उघड्या हाताने उचलल्यास जखमेतून, डोळ्यांतून किंवा श्वासातून शरीरात शिरतात. न उकळलेल्या दुधातूनही लागण होते. माणसाकडून माणसाला तो क्वचितच होतो. त्यामुळे रुग्णाला वेगळे टाकण्याचे काहीच कारण नाही.

लक्षणे
येणारा-जाणारा ताप, रात्री घाम, सांधे व कंबर दुखणे, थकवा. पुरुषांत अंडकोषाला सूज, गरोदर बाईत गर्भपात. टायफॉईड, मलेरिया समजून महिने वाया जातात. म्हणून घरी जनावरे आहेत, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा आणि रक्ततपासणीबद्दल विचारा. उपचारात साधारण दोन औषधे किमान सहा आठवडे घ्यावी लागतात. बरे वाटले म्हणून मध्येच सोडली तर आजार उलटतो.

काय करावे?
- दूध उकळूनच प्या.
- वार, पिल्लू हातमोजे घालून उचला, तोंडाला फडके बांधा, चुना टाकून खोल पुरा. कुत्र्यांपुढे टाकू नका.
- गरोदर महिलांना या कामापासून दूर ठेवा.
- गाभडलेले जनावर वेगळे बांधा, पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. ते बाजारात विकू नका.

केंद्राची लसीकरण मोहीम 2019 मध्ये सुरू झाली. तिच्यात चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांना व पारड्यांना आयुष्यात एकदा मोफत लस मिळते. शेळ्या मात्र तिच्यात नाहीत. गाय-म्हैस घेण्याची ऐपत नसलेला माणूस शेळी पाळतो आणि माणसाला सर्वात जास्त त्रास देणारा प्रकार शेळ्या-मेंढ्यांतूनच येतो. ही विसंगती आपण मांडायलाच हवी.

1927 मध्ये महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडा, असे बजावले. तो स्वाभिमानाचा प्रश्न होता. आज गावात गाभडलेले जनावर, मेलेले पिल्लू कोणाच्या हाताने उचलले जाते, हे युवकांनी पाहावे. विहारातील रविवारच्या वंदनेनंतर दहा मिनिटे या विषयाला द्या. ग्रामसभेत शेळ्यांच्या तपासणीची आणि हातमोज्यांची लेखी मागणी करा.

जय भीम!