माळरानाला जंगलाची पट्टी

सोलापूरच्या शुक्रवार पेठेतून बार्शी रस्त्याला लागले की वीसेक किलोमीटरवर नान्नजचा माळ येतो. कुसळी-पवन्याचे गवत, मधूनच एखादा हिवर किंवा बोर, धनगरांची मेंढरे आणि नशीब जोरावर असेल तर काळविटांचा कळप. उपग्रहाच्या नजरेला मात्र इथे ‘वन’ फारसे दिसत नाही. भारतीय वन सर्वेक्षणाच्या हिशेबात किमान एक हेक्टर जागेवर वृक्षांच्या छत्राची दहा टक्के तरी सावली असेल, तरच ते वनाच्छादन. या मोजणीत सोलापूर जिल्ह्याच्या वाट्याला एक टक्काही येत नाही. मग दर पावसाळ्यात एकच उपाय पुढे येतो : झाडे लावा.

वन राखून वापरण्याचे हे शास्त्र थंड मुलखात घडले. सॅक्सनीतल्या खाणी आणि भट्ट्यांना लाकूड पुरेना, तेव्हा हान्स कार्ल फॉन कार्लोविट्झ या खाण अधिकाऱ्याने १७१३ मध्ये ग्रंथच लिहिला. त्याचा गाभा असा, की जंगल पुन्हा उगवेल तेवढेच तोडावे. पुढे १८६४ मध्ये डिट्रिच ब्रँडिस हे जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ भारताचे पहिले वन महानिरीक्षक झाले आणि तिथली शिस्त इथल्या जंगलांना लागू झाली. हिशेब मुख्यतः लाकडाचा होता.

तो अपुरा आहे हे पुढे थंड देशांनीच मान्य केले. उत्तरेकडची सूचिपर्णी आणि समशीतोष्ण वने कशी सांभाळायची, यावर १९९३ मध्ये मॉन्ट्रिअलला चर्चा झाली आणि त्यातून ‘मॉन्ट्रिअल प्रक्रिया’ उभी राहिली. कॅनडा, रशिया, जपान, अमेरिका यांच्यासह १२ देश आज तिच्यात आहेत. त्यांचे निकष सात : जैवविविधता, उत्पादनक्षमता, वनाचे आरोग्य, माती-पाणी, कार्बनचक्र, समाजाचे हित आणि कायदा-व्यवस्था. ही पट्टी त्यांनी आपल्या वनांपुरती आखली. भारतानेही १९९८-९९ मध्ये भोपाळच्या भारतीय वन व्यवस्थापन संस्थेच्या पुढाकाराने ८ निकष आणि ४३ निर्देशकांची स्वतःची चौकट बांधली.

तेच प्रश्न माळाला विचारले तर उत्तरे पार वेगळी येतात. कार्बनचे पाहा. गवताळ माळाचा बराचसा साठा मुळांत आणि मातीत असतो. वणवा वरचे गवत जाळतो, खालची ठेव बहुतांशी शाबूत राहते. या गवतांना भरपूर ऊन लागते. दाट लागवडीच्या सावलीत ती मरतात आणि चर खणताना मुळांची घट्ट वीण तुटते. ती पुन्हा सहज जुळत नाही. आशिष नेर्लेकर आणि जोसेफ वेल्डमन यांच्या २०२० च्या अभ्यासानुसार, मोडलेल्या जुन्या गवताळ प्रदेशाला मूळचे वनस्पतिवैविध्य परत मिळवायला किमान शतक लागते, कित्येकदा त्याहूनही फार जास्त.

‘पूर्वी इथे जंगल होते, ते तोडले म्हणून माळ झाला’ ही समजूतही आता तपासली गेली आहे, तीही मराठी साहित्याच्या आधारे. नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जुन्या कथा-काव्यांतली झाडेझुडपे वेचून काढली. त्यांतल्या निम्म्याहून अधिक वनस्पती उघड्या, काटेरी, गवताळ प्रदेशातल्या निघाल्या. पश्चिम महाराष्ट्रातला माळ किमान साडेसातशे वर्षे जुना आहे, असा त्यांचा निष्कर्ष. पंढरपुरात कान्होपात्रेच्या कथेशी जोडलेले झाडही तरटीचेच, म्हणजे अशाच काटेरी रानातले.

माळढोकासाठी नान्नजचे अभयारण्य १९७९ मध्ये घोषित झाले. हा पक्षी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालतो आणि धोका दुरून दिसावा म्हणून त्याला मोकळी नजर लागते. अशा माळावरही मध्य अमेरिकेतून आलेल्या गिरिपुष्पाची लागवड झाली होती. आज देशात माळढोक दीडशेच्या आसपास उरले असतील आणि नान्नजला त्यांचे दर्शन दुर्मीळ झाले आहे. शिकार, शेतीचा विस्तार, वीजवाहक तारा ही कारणे आहेतच, पण अधिवासाची चुकीची मोजणीही त्यांच्यात धरावी लागेल.

याचा अर्थ झाडे लावूच नयेत असा नाही. चाळिशी पार करणाऱ्या उन्हाळ्यात शहरातल्या रस्त्यांना कडुनिंब-पिंपळाची सावली हवीच. शेताचे बांध, ओढ्यांचे काठ याही झाडांच्या जागा. माळासाठी मात्र निर्देशक वेगळे धरावे लागतील : देशी गवतांचे प्रमाण, जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची वीण, चराईचा भार, मातीतला कार्बन आणि धनगरांच्या वाटा खुल्या आहेत की नाहीत. हे आकडे दरवर्षी गोळा करायला उपग्रह पुरत नाही. गवत ओळखणारी माणसे लागतात, आणि ती मेंढरांमागे रोज त्याच माळावर चालत असतात. वृक्षलागवडीचे उद्दिष्ट ठरवण्याआधी त्यांना विचारले, तर खड्डा कुठे खणू नये हे तरी नक्की कळेल.