हवेचा एक आकडा

हवेची गुणवत्ता सांगणारा जो एकच आकडा वर्तमानपत्रात किंवा मोबाइलवर दिसतो, तो वेगवेगळ्या प्रदूषकांची सरासरी असतो असा समज सर्वत्र आढळतो. वस्तुस्थिती मात्र तशी नाही. 2015 मध्ये देशभर लागू झालेल्या राष्ट्रीय वायू गुणवत्ता निर्देशांकात आठ प्रदूषकांचा विचार होतो आणि प्रत्येकाचा स्वतंत्र उपनिर्देशांक काढून त्यांतील सर्वांत मोठा उपनिर्देशांक हाच त्या ठिकाणचा निर्देशांक मानला जातो. उदाहरणार्थ, अडीच मायक्रोमीटरपेक्षा लहान व्यासाच्या, म्हणजे फुप्फुसात खोलवर शिरणाऱ्या सूक्ष्मकणांचे प्रमाण घनमीटरमागे 75 मायक्रोग्रॅम असेल, तर निर्देशांक 150च्या आसपास, अर्थात ‘मध्यम’ श्रेणीत जातो, मग इतर वायू कितीही कमी असोत. ‘मध्यम’ हा शब्द, खरे तर, फारच सौम्य आहे. कारण दमेकऱ्यांना याच श्रेणीत त्रास होऊ शकतो.

सूक्ष्मकणांचा उपनिर्देशांक चोवीस तासांच्या सरासरीवर बेतलेला असल्याने सकाळच्या वाहतूककोंडीतील धूर त्यात पुरता उमटत नाही. ही उणीव पूर्वानुमानाने काही अंशी भरून निघते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने विकसित केलेली ‘सफर’ ही प्रणाली 2010 मध्ये दिल्लीत सुरू झाली आणि पुढे पुणे व मुंबईतही आली. वाऱ्याचा वेग, तापमान आणि उत्सर्जनाची नोंद यांची सांगड घालून ती पुढील दिवसांचा अंदाज देते. हिवाळ्यात जमिनीलगतची थंड हवा वरच्या उबदार थराखाली कोंडली जाते, त्यामुळे श्वसनविकार असलेल्यांनी त्या दिवसांत पहाटेच्या फेरफटक्यापूर्वी हा अंदाज अवश्य पाहावा.