वाचता येतं, पण वाचावंसं वाटतं का?

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या घरी एक छोटीशी गोष्ट घडली. चौथीतून पाचवीत गेलेली आमची धाकटी मैत्रिणीकडून एक उर्दू पुस्तक घेऊन आली. डॉ. झाकीर हुसैन यांची 'अब्बू खाँ की बकरी'. दुपारभर पंख्याखाली पालथी पडून वाचत बसली. आम्हाला इतका आनंद झाला, की लगेच विचारलं, "बेटा, काय शिकलीस यातून? तात्पर्य सांग बघू." दुसऱ्या दिवशी सांगितलं, "अवघड शब्द वहीत उतरवून काढ." तिसऱ्या दिवशी पुस्तक मैत्रिणीकडे परत गेलं. "पूर्ण वाचलंस का?" असं विचारलं, तर म्हणाली, "नाही अब्बा. अभ्यासासारखं वाटायला लागलं."

चूक आमचीच होती. तिला वाचता येत नव्हतं असं नाही. वाचावंसं वाटत होतं, आणि तेच आम्ही दोन दिवसांत घालवलं. वाचता येणं आणि वाचावंसं वाटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली शाळेत आणि मकतबमध्ये शिकवता येते. दुसरी मात्र बहुतेक घरातच लागते, किंवा घरातच विझते.

चार लिप्या, पण आवडीचं एकही पुस्तक नाही

आपल्या मुलांकडे जरा नीट बघा. सकाळी किंवा असरनंतर मकतबमध्ये अरबी. शाळा उर्दू माध्यमाची असेल तर उर्दू, त्याबरोबर मराठीची देवनागरी आणि इंग्रजी. दहा वर्षांचं मूल तीन-चार लिप्या ओळखतं, त्यातल्या दोन उजवीकडून डावीकडे आणि दोन डावीकडून उजवीकडे. ही लहान गोष्ट नाही. आपण तिचं कौतुकही करत नाही. पण याच मुलाला विचारा, "शेवटचं पुस्तक स्वतःच्या मर्जीनं कधी वाचलंस?" बहुतेक वेळा उत्तर मिळत नाही. कारण घरात कुराण शरीफ आणि शाळेची पुस्तकं सोडली, तर मुलानं मजेसाठी उघडावं असं काहीच नसतं.

आपला नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची साक्षरता ६४ टक्क्यांच्या आसपास होती आणि राज्याची ८२. महाराष्ट्रात आपण सर्वांत खाली होतो. म्हणजे आपल्याकडच्या कितीतरी घरांत आज शाळेत जाणारं मूल हेच पुस्तक उघडणारी पहिली पिढी आहे. त्याच्या आजीनं, कधी कधी आईनंही, कधी पुस्तक हातात घेतलेलं नाही.

शाळेत जाणं म्हणजे वाचता येणं, असंही नाही. 'असर' सर्वेक्षणाप्रमाणे २०२२ मध्ये देशाच्या ग्रामीण भागात पाचवीतल्या १०० मुलांपैकी सुमारे ४३ मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येत होता. २०२४ मध्ये हा आकडा सुधारला, तरी निम्म्याच्या आतच राहिला.

मजेसाठी वाचून होतं काय?

कुणी म्हणेल, आधी अभ्यासाचं वाचू दे, मजेचं नंतर बघू. पण वाचन कसं घडतं हे पाहिलं, की हा क्रम उलटा आहे हे कळतं.

नवीन वाचणारं मूल एकेक अक्षर जोडत जातं. जोडाक्षर आलं की अडतं. वाक्याच्या शेवटी पोहोचेपर्यंत सुरुवात विसरलेली असते. सगळं लक्ष अक्षरं ओळखण्यातच खर्च होतं, अर्थासाठी काही उरत नाही. हा अडथळा एकाच गोष्टीनं दूर होतो: भरपूर, सोपं, पुन्हा पुन्हा वाचल्यानं. इतकं, की शब्द पाहताक्षणी ओळखीचा वाटावा. धड्याचं पुस्तक वर्षभराला एकच असतं, आणि ते कुणी हौसेनं पाच वेळा वाचत नाही. आवडती गोष्ट मात्र मूल वीस वेळा वाचतं. म्हणून मुलानं तेच पुस्तक पुन्हा उघडलं तर "हे झालंय ना वाचून?" असं म्हणू नका. सराव तिथेच होत असतो.

याचा फायदा कुठवर जातो, हे एका मोठ्या पाहणीतून दिसलं. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेनं २००० मध्ये ३२ देशांतल्या १५ वर्षांच्या मुलांची 'पिसा' चाचणी घेतली. तिचा वाचनावरचा अहवाल २००२ मध्ये आला. ज्यांच्या आई-वडिलांचा व्यवसाय सर्वांत खालच्या गटात होता, पण जी स्वतः आवडीनं भरपूर वाचत होती, अशा मुलांची सरासरी ५४० गुण होती. आई-वडील वरच्या हुद्द्यांवर, पण वाचनाची आवड नसलेल्या मुलांची सरासरी ४९१. आवडीमुळे गुण वाढतात की वाचता येतं म्हणून आवड लागते, हे अशा आकड्यांतून पूर्ण सिद्ध होत नाही. बहुधा दोन्ही एकमेकांना हात देतात. पण गॅरेजमध्ये काम करणाऱ्याच्या, भाजीची गाडी लावणाऱ्याच्या मुलाला घरची परिस्थिती बांधून ठेवतेच असं नाही, एवढं त्यातून नक्की कळतं.

आपल्यासाठी आणखी एक कारण आहे. आपल्याकडे सातवी-आठवीनंतर कित्येक मुलींची शाळा सुटते, मुलगे दुकानावर बसू लागतात. ज्याचं वाचन फक्त परीक्षेसाठी होतं, त्याचं वाचन शाळेबरोबर संपतं. ज्याला गोडी लागली, तो दुकानात बसूनही वाचतो.

दोन वाचनं, दोन आदब

आता एक नाजूक गोष्ट. मकतबमध्ये मूल नाज़िरा शिकतं. तिथे वजू असतो, नीट बसणं असतं, मखारिज बरोबर यावे लागतात. चूक झाली की उस्ताद लगेच थांबवतात, आणि थांबवलंच पाहिजे. ते इबादतीचं वाचन आहे, त्याचा आदब तसाच आहे.

गफलत होते ती ही, की तोच आदब आपण गोष्टीच्या पुस्तकालाही लावतो. नीट बस. मोठ्यानं वाच. इथे चुकलास, परत वाच. गोष्टीच्या पुस्तकाला हे नियम नकोत. मुलानं लोळत वाचावं, चित्रं आधी बघावीत, मधली पानं सोडावीत, शेवट आधी वाचावा, नाही आवडलं तर पुस्तक अर्धवट टाकावं. एखादा शब्द चुकीचा वाचला आणि गोष्ट कळत असेल, तर तो शब्द आपोआप दुरुस्त होतो. आपण मोठे लोक पेपर वाचताना दुसरं काय करतो?

जलशांत आणि बक्षीस समारंभांत आपण सगळे सांगतो, की पहिल्या वह्यीचा पहिला शब्दच वाचण्याविषयीचा होता. मुलं ऐकतात आणि घरी येऊन बघतात, की अब्बांच्या हातात मोबाईल आहे. त्यांना भाषणापेक्षा हेच जास्त लक्षात राहतं.

कोणत्या भाषेत वाचावं?

हा प्रश्न आपल्याकडे फार अडतो. घरात बोलतो ती हिंदी-उर्दू, त्यात अहिराणीचे शब्द. नवापूरकडे गुजराती मिसळते. शाळेतली मराठी वेगळी, पुस्तकातली उर्दूही वेगळी. पालकांना वाटतं, वाचायचंच तर इंग्रजी वाचावं, कामाला तरी येईल.

धडगाव-अक्कलकुव्याच्या नर्मदाकाठच्या गावांत १९९० च्या दशकापासून जीवनशाळा चालतात. तिथे पावरी-भिलोरी बोलणारी मुलं आपल्या बोलीतून सुरुवात करतात आणि मग मराठीकडे येतात. त्यामागचा विचार साधा आहे. जो शब्द कानाला ओळखीचा आहे, तो डोळ्यांना लवकर ओळखता येतो. आपल्यालाही तेच लागू आहे. मजेचं वाचन मुलाला ज्या भाषेत सर्वांत सोपं जातं, त्या भाषेत सुरू करा. उर्दू माध्यमाच्या मुलाला उर्दूत, मराठी माध्यमाच्या मुलाला मराठीत. एका भाषेत लागलेली गोडी दुसरीकडे जाते.

आणि वाचता न येणारी अम्मी किंवा दादी काय करू शकते? खूप काही. गोष्ट सांगू शकते. मुलाला "मला वाचून दाखव" म्हणू शकते. चूक न काढणारा, हसत ऐकणारा श्रोता मुलाला शाळेत मिळत नाही. तो घरात बसलेला असतो.

पुस्तकं आणायची कुठून?

पहिली जागा शाळा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात स्पष्ट लिहिलं आहे, की प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावं आणि त्यात वर्तमानपत्रं, मासिकं आणि गोष्टींची पुस्तकंही असावीत. समग्र शिक्षा योजनेत सरकारी शाळांना ग्रंथालयासाठी वर्षाला ५,००० ते २०,००० रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे. २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर अल्पसंख्याक संस्थांना हा कायदा लागू होत नाही, पण पुस्तकांचं कपाट उघडायला त्यांनाही कुणी मनाई केलेली नाही. अनेक ठिकाणी पुस्तकं असतात, पण हरवतील या भीतीनं कपाटाला कुलूप असतं. पालक सभेत मार्कांबरोबर हेही विचारा: मुलांना पुस्तकं घरी मिळतात का? दहातलं एखादं पुस्तक फाटलं, तर ते वाचलं गेलं म्हणून फाटलं.

दुसरी जागा फुकटची. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं, आणि त्याचे जुने अंक बालभारतीनं इंटरनेटवर मोफत ठेवले आहेत. 'प्रथम बुक्स'च्या 'स्टोरीवीव्हर'वर २०१५ पासून मराठी, उर्दू, हिंदी अशा अनेक भाषांत चित्रकथा मोफत मिळतात. त्या पातळीनुसार लावलेल्या आहेत आणि छापूनही घेता येतात. उर्दूसाठी राष्ट्रीय उर्दू परिषदेचं 'बच्चों की दुनिया' आणि मुंबईचं 'गुल बूटे' ही मासिकं आहेत. मोबाईल सुटतच नसेल, तर रोज पंधरा मिनिटं त्याच मोबाईलवर मुलाबरोबर बसून गोष्ट वाचा. एकट्याच्या हातात दिला, की बोट व्हिडिओकडेच जाणार.

तिसरी जागा शेजार. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस, १५ ऑक्टोबर, २०१५ पासून महाराष्ट्रात 'वाचन प्रेरणा दिन' म्हणून साजरा होतो. रामेश्वरममध्ये त्यांचे वडील मशिदीचे इमाम होते. गावातल्या एस. टी. आर. माणिकम् या गृहस्थांकडे पुस्तकांचा मोठा साठा होता. लहानगा कलाम त्यांच्या घरी जाऊन पुस्तकं मागून आणायचा, हे कलामांनी 'अग्निपंख'मध्ये स्वतः सांगितलं आहे. गावातलं एक घर उघडं होतं, एवढंच. आपल्या प्रत्येक मोहल्ल्यात असं एक घर होऊ शकतं. एक पेटी, तीस-चाळीस पुस्तकं, एक वही, आणि पुस्तकं देण्या-घेण्याची जबाबदारी आठवी-नववीतल्या एखाद्या मुलीकडे.

पुस्तक नसेल तर लिहा

नंदुरबारहून भुसावळकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरच अमळनेर लागतं. साने गुरुजी तिथे शिक्षक होते. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते 'छात्रालय' नावाचं हस्तलिखित दैनिक काढत. मुलं ते वाचत, कारण त्यात त्यांचंच जग होतं. (याच साने गुरुजींनी पुढे 'इस्लामी संस्कृती' हे पुस्तकही लिहिलं.)

हे आपल्यालाही जमेल. मुलांना त्यांच्या भवतालाबद्दल लिहू द्या: गावाबाहेरच्या मिरचीच्या पथारी, सारंगखेड्याच्या यात्रेतले घोडे, तोरणमाळची एसटी, नानीच्या घरची ईद. मुलानं बोलून दाखवावं, मोठ्या भावानं लिहून घ्यावं, कडेला चित्रं काढावीत, दोऱ्यानं पानं शिवावीत. आपल्या बोलीतलं, आपल्या गावाचं पुस्तक तयार. ते शेजारचं मूलही वाचेल.

एवढंच करून बघा

या आठवड्यात मुलासाठी त्यानंच निवडलेलं एक पुस्तक घरी आणा. रोज इशानंतर किंवा जेवणाआधी पंधरा मिनिटं घरात सगळ्यांनी काही ना काही वाचावं, मोठ्यांनीसुद्धा. आणि वाचून झाल्यावर काहीही विचारू नका. हे शेवटचं सर्वांत अवघड आहे, आम्ही अनुभवानं सांगतो.

आमच्या घरी ते बकरीचं पुस्तक आम्ही परत मागून आणलं आणि गुपचूप खिडकीत ठेवून दिलं. दोन दिवस कुणी त्याला हात लावला नाही. तिसऱ्या रात्री जेवताना धाकटी आपणहून दादीला सांगू लागली, की चांदनी बकरी लांडग्याशी रात्रभर कशी लढली. गोष्ट संपली तेव्हा दोघींत वाद सुरू झाला: जिंकलं कोण, लांडगा की चांदनी? दादी एक म्हणे, नात दुसरं. पुरावा द्यायला नात उठून पुस्तक घेऊन आली आणि मोठ्यानं वाचू लागली. एक-दोन शब्द चुकले. आम्ही गप्प बसलो.