सामूहिक प्रणाली-आरेखन

सामूहिक प्रणाली-आरेखन ही गुंतागुंतीच्या प्रश्नातील घटक व त्यांचे परस्परसंबंध, त्या प्रश्नाशी निगडित व्यक्तींनी एकत्र बसून आकृतीत मांडण्याची पद्धत आहे. कोठे बदल केल्यास सुधारणा संभवते, याचा शोध घेणे हा तिचा हेतू होय.

इतिहास

जे फॉरेस्टर (१९१८–२०१६) यांनी १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे प्रणाली-गतिकी या शास्त्राचा पाया घातला. त्याचाच आधार या पद्धतीला आहे. निर्णय ज्यांना अमलात आणावयाचे आहेत, त्यांनाच आरेखनात सहभागी करून घ्यावे, हा विचार पुढे रुजला. नेदरलँड्समधील अभ्यासक जॅक व्हेनिक्स यांचा या विषयावरील ग्रंथ १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला.

कार्यपद्धती

सहभागी व्यक्ती प्रथम प्रश्नाची व्याप्ती ठरवितात. त्यानंतर प्रत्येक जण आपल्याला जाणवणारे घटक लिहून देतो. कारणाकडून परिणामाकडे बाण काढले जातात. बाणांची साखळी फिरून मूळ घटकाशी आली, की प्रत्याभरणाचे वर्तुळ पूर्ण होते. बदल वाढवीत नेणारे वर्तुळ धन, तर बदलाला आवर घालणारे वर्तुळ ऋण मानतात. एखाद्या बाणाविषयी मतभेद झाल्यास सूत्रधार निवाडा देत नाही. तो दोन्ही बाजूंचे अनुभव मांडावयास लावतो.

उदाहरण

भूजलाची पातळी खालावली, की शेतकरी अधिक खोल कूपनलिका घेतो. त्यासाठी काढलेले कर्ज फेडण्याकरिता तो अधिक पाण्याचे नगदी पीक लावतो. उपसा वाढून पातळी आणखी खालावते. येथे प्रत्येकाचा निर्णय त्याच्यापुरता सयुक्तिक असतो, तरीही सर्वांची विहीर कोरडी पडते. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार येथे सिंचनासाठी कूपनलिका न घेण्याचे व पावसाच्या प्रमाणात पिके ठरविण्याचे निर्बंध ग्रामसभेने स्वीकारले. त्यांचा रोख याच वर्तुळावर आहे.

तरफबिंदू

अल्प बदलाने मोठा परिणाम साधणाऱ्या जागेस तरफबिंदू म्हणता येईल. डोनेला मेडोज (१९४१–२००१) यांनी अशा जागांची क्रमवारी १९९९ मध्ये मांडली. त्यांच्या मते, अनुदान किंवा कर यांसारख्या आकड्यांतील फेरफार सर्वांत दुबळे ठरतात. प्रणालीचे नियम, उद्दिष्टे आणि तिच्यामागील विचारसरणी यांतील बदल अधिक प्रभावी असतात.

मर्यादा

ब्रिटनमध्ये २००७ मध्ये लठ्ठपणाविषयी प्रसिद्ध झालेल्या आरेखनात १००हून अधिक घटक व ३००हून अधिक संबंध होते. लठ्ठपणा हा केवळ व्यक्तीच्या संयमाचा प्रश्न नाही, हे त्यातून स्पष्ट झाले. मात्र ती आकृती वाचण्यास अवघड असल्याची टीकाही झाली.

आरेखन हे समूहाच्या आकलनाचे चित्र असते, पुरावा नव्हे. त्यातील संबंध मोजमापाने पडताळावे लागतात. पाण्याच्या प्रश्नावरील बैठकीत केवळ बागायतदार असतील, तर घागरभर पाण्यासाठी होणारी पायपीट आकृतीत उमटत नाही आणि तिच्यावरील उपायही सुचत नाही. त्यामुळे सहभागींची निवड हा या पद्धतीतील पहिला व निर्णायक टप्पा ठरतो.