मोटारीची बॅटरी केव्हा व कशी बदलावी?

मोटारीची बॅटरी बहुधा पूर्वसूचना देऊनच निकामी होते. सकाळी इंजिन संथ फिरणे, स्टार्टर लावताच दिवे मंदावणे ही तिची लक्षणे होत. इंजिन काही तास बंद ठेवून मोजल्यास पूर्ण चार्ज झालेल्या सुस्थितीतील बॅटरीचा दाब सुमारे 12.6 व्होल्ट भरतो. तो कमी आढळल्यास प्रथम टोकांवरील गंज काढावा, जोडण्या घट्ट कराव्यात व बॅटरी चार्ज करून घ्यावी. त्यानंतरही दाब टिकत नसेल किंवा आवरण फुगले असेल, तर मात्र बॅटरी बदलणेच इष्ट.

बहुतेक गाड्यांत ऋण टोक सांगाड्यास जोडलेले असते. म्हणून ऋण तार प्रथम सोडवावी आणि नवी बॅटरी बसविताना शेवटी जोडावी. हा क्रम चुकल्यास पाना सांगाड्यास लागून ठिणगी उडते व बॅटरीतील हायड्रोजन वायूचा स्फोट होऊ शकतो. आम्ल अंगावर उडाल्यास भरपूर पाण्याने धुवावे.

जुनी बॅटरी अंगणात फोडू नये वा विहिरीजवळ टाकू नये. तिच्यातील शिसे मुलांच्या मेंदूस अपाय करते. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, 2022 अन्वये ती इतर कचऱ्यात न मिसळता अधिकृत संकलकाकडे सोपविणे हे वापरणाऱ्याचे कर्तव्य आहे.